फाशीची टोपी

कोर्टाच्या मागच्या गल्लीत शिवणकामाची दुकानं बरीच, पण न्यायाधीशांचे झगे शिवायचे ते कात्रीकाकूनेच. हे नाव तिच्या हातातल्या कात्रीवरून पडलं की तोंडातल्या, यावर गल्लीत एकमत नव्हतं. तिच्या सासऱ्यांनी परक्या साहेबांचे झगे शिवले. काकू सून होऊन आली तेव्हा सुईत दोरा ओवून द्यायची. पुढे सासऱ्यांची नजर अधू झाली. नवऱ्याला सुईपेक्षा सायकल प्यारी, तो पोस्टमन होऊन मोकळा झाला. मशीन काकूच्या पायाखाली आलं ते कायमचं.

साहेब गेले, झेंडा बदलला, पण झगे तेच राहिले. बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि आत न्यायाधीश लोकरीच्या झग्यात, डोक्यावर घोड्याच्या केसांचा टोप घालून घामाघूम. काकूला त्याचा भारी राग. "त्यांच्याकडे बर्फ पडायचा म्हणून त्यांनी लोकर घातली. आपण कुणाच्या बापाची थंडी अंगावर घेऊन बसलोय?" असं ती तोंडात टाचण्या असतानाही गिऱ्हाइकांना ऐकवायची.

त्यामुळे नव्या मुख्य न्यायाधीशबाई आल्या तेव्हा काकूला देव पावला. बाईंचं म्हणणं असं, की परक्यांचं राज्य गेलं खरं, पण त्यांच्या सवयी आपण अजून डोक्यावर घेऊन मिरवतोय, त्या आधी उतरवू. टोप रद्द, लोकर रद्द. आपल्याच मागावरचं सुती कापड आणि आपलीच बेतणी. काम मिळालं काकूला, आणि सगळं पसंत पडलं तर 'न्यायालयाचे मानाचे शिंपी' अशी पाटी दुकानावर लावायची परवानगी. अट एकच. कपड्यांचा संच पुरा हवा, एकही नग कमी चालणार नाही. सासरे जन्मभर कोर्टाच्या मागच्या दाराने आत गेले होते. ती पाटी काकूला जीव टाकून हवी होती, आणि हे ती कुणापासून लपवतही नव्हती.

झगे झक्क उतरले. शेवटचा नग राहिला तो काळी टोपी. कुणाला फाशीची शिक्षा सुनावताना न्यायाधीशाने ती डोक्यावर घ्यायची, हीसुद्धा साहेबांचीच रीत. आता तीही आपल्या कापडाची, आपल्या पद्धतीची करायची होती.

काकूला त्यात काही वावगं वाटलं नाही. फाशीबद्दल घरातला कायदा ठरलेला होता. सकाळी चहाबरोबर पेपर उघडला की पोस्टमनकाका एकेक बातमी वाचायचे आणि निकाल द्यायचे, "लटकवा!" खुनी, दरोडेखोर तर सुटायचे नाहीतच, पण दुधात पाणी घालणाऱ्यालाही त्यांनी एकदा फासावर चढवलं होतं. काकू मान डोलवायची. मशीन चालू असताना वाद घालता येत नाही, आणि खरं सांगायचं तर तिला ते पटायचंही.

तिने मन लावून टोपी शिवली. काळंभोर जाड सुती कापड, कडेला निळ्या दोऱ्याची नाजूक शिवण. न्यायाधीशबाईंच्या आणि काकांच्या डोक्याचं माप तंतोतंत एकच, आतला ऐवज तेवढा वेगळा. म्हणून काकूने काकांना स्टुलावर बसवलं आणि टोपी चढवली.

"शोभते हो! आता बाई म्हणतात तसं म्हणून दाखवा. बोलताना घसरते का बघते."

"कुणाला म्हणू?"

"समोर मीच आहे ना? मला म्हणा."

काकांनी घसा खाकरला. मोठ्या रुबाबात त्यांनी सुरुवात केली, "तुला गळ्याला दोर लावून..." आणि थांबले.

"पुढे?"

"मरेपर्यंत..." काका हसले. पाणी प्याले. "थांब, तुझ्याकडे बघून नाही जमायचं. मशीनकडे बघून म्हणतो."

मशीनकडे बघूनही जमेना. भिंतीकडे बघूनही नाही.

"अहो, रोज तर म्हणता!"

"रोज पेपरला म्हणतो गं." काकांनी टोपी दोन्ही हातांनी काढून टेबलावर ठेवली. "मी तारा पोचवायचो ना. वाईट बातमीची तार असली की दार उघडणाऱ्याच्या तोंडाकडे बघवत नसे. हे वाक्य म्हटलं, की एक तार कुणाच्या तरी आईला जाते. आणि ती आता मीच लिहिल्यासारखं वाटलं."

काका चहा ठेवायला आत गेले, तशी काकूने टोपी स्वतः घातली आणि आरशासमोर उभी राहिली. गल्लीतल्या कुणालाही न सोडणारी तिची जीभ 'गळ्याला' या शब्दापाशीच अडली. काकूला स्वतःचाच संताप आला. परक्यांची एकेक वस्तू आपण कोर्टाबाहेर काढली आणि ही मात्र निळा दोरा घालून, नटवून आपली करून घेत होतो! पाटी डोळ्यांसमोर आली, सासरेही आले. तिने डोळे पुसले, कात्री घेतली आणि टोपी उसवायला बसली.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशबाईंच्या दालनात झगे एकदम पसंत झाले. बाईंनी नवा झगा घालून हात वर-खाली करून पाहिले आणि लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या. मग त्यांनी नग मोजले.

"काकू, टोपी?"

"शिवली होती, उसवून टाकली. पुन्हा शिवणार नाही. ती तेवढी परदेशातून मागवा, ज्यांची आहे त्यांच्याकडून."

"त्यांच्याकडे मिळणार नाही. त्यांनी स्वतःच्या देशात फाशी कधीच बंद केली."

"अगं बाई!" काकू उडालीच. "म्हणजे त्यांनी टाकून दिलेलं आपण नवं शिवून घ्यायचं?"

बाई खुर्चीत बसल्या. "ते वाक्य म्हणून पाहिलंत वाटतं?"

"यांनी पाहिलं. पुरं झालं नाही. माझंही नाही."

"माझं दोनदा पुरं झालंय," न्यायाधीशबाई हळूच म्हणाल्या.

बाईंबद्दल काकूला एकदम माया दाटून आली.

"कायदा मी नाही बदलू शकत, काकू. तो बदलतील तेव्हा बदलतील. आणि संच पुरा नाही, म्हणजे पाटीही नाही देता येणार."

"नको," काकू म्हणाली.

बाईंनी खणातून जुनी टोपी काढली. साहेबांच्या वेळची, विटकी, एका बाजूला शिवण सुटलेली. "नवी येत नाही तोवर हीच. पण टोपीशिवाय किंवा असली फाटकी घालून मला फाशी सुनावता येत नाही, तसा नियम आहे. दुरुस्त करून द्याल?"

काकूने टोपीकडे पाहिलं, मग बाईंकडे. टोपी घेऊन तिने पिशवीत अगदी तळाशी कोंबली.

"देईन की. पण आधीच सांगते, दुरुस्तीचं काम माझ्याकडे फार रेंगाळतं. एकाने लग्नाचा कोट उसवायला दिला होता, तो आता त्याच्या मुलाला होतोय."

"घाई नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मला मुळीच घाई नाही."