शेळीच्या गोठ्यातली पाटी

"मेलेल्या नवऱ्याच्या छातीवर मी डोकं आपटते, टाहो फोडते, आणि तुझी शेळी ओरडते? भोंग्या, आहेस का वर?"

"आहे बाई, आहे."

"मग आगगाडीची शिट्टी कुठाय? नवरा गेला, दूरवर शिट्टी, असं आहे ना नाटकात? की नवरा गेला आणि शेळी व्याली?"

मढ्याचं काम करणारा नट रंगमंचावर उताणा पडला होता. त्याचं पोट गदागदा हलायला लागलं. बाईंनी त्याला कोपरानं ढोसलं. "तू मेलायस. हसू नकोस."

नाटक कंपनी बाईंची, रडायचं कामही बाईंचंच. त्या उठल्या, पदर खोचला आणि प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीतल्या आवाजाच्या खोलीकडे बोट रोखलं. "संध्याकाळच्या प्रयोगाला शेळी ओरडली ना, तर उद्यापासून त्या खोलीत तुझा मेव्हणा बसेल. मागं तुझ्या त्या यंत्रानं दातखीळ बसवून घेतली होती, तेव्हा ढगांचा गडगडाट त्यानंच पत्रा बडवून केला."

मेव्हणा विंगेत उभाच होता. बगलेत टेपरेकॉर्डर, चेहरा लग्नघरातल्यासारखा.

वर भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. खोली ती केवढी. पाय लांब केले तर दार उघडायचं. एक पंखा, तोही कुरकुरतो म्हणून प्रयोगात बंद. एक जुना कॉम्प्युटर, ज्याचा माऊस केव्हाच वारला होता. पण खोली त्याची होती. अख्ख्या जन्मात दार लावून घ्यावं अशी एवढीच जागा गड्याला मिळाली होती.

भोंगा हे नाव काही आईबापानं ठेवलेलं नव्हतं. तरणा असताना तो सभांना कर्णे बांधत हिंडायचा. खांबावर चढला की लवकर उतरायचा नाही, वर बसूनच खालच्यांना अक्कल शिकवायचा. तेव्हापासून भोंगा. पुढं बाईंच्या कंपनीत आला आणि माऊस मेल्यावर काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायला शिकला. चित्रावर टिचक्या मारत बसायचं नाही, सरळ हुकूम सोडायचा. घरी हुकूम सोडायची सोय नव्हती, त्यामुळे हा प्रकार त्याला फारच मानवला.

कंपनीची नाटकं दोन, आलटूनपालटून व्हायची. एक शेळीचं, लोक पोट धरून हसायचे. दुसरं रडकं, लोक नाकं शिंकरत घरी जायचे. कीबोर्डवरच्या कळा दोन्हींना त्याच. कळ दाबली की कॉम्प्युटर 'आज' नावाच्या ठिकाणी जायचा आणि तिथला आवाज उचलायचा. गंमत अशी, की 'आज'मध्ये आवाज-बिवाज काही नव्हतेच. ती नुसती पाटी होती. कधी 'शेळी' नावाच्या फोल्डरकडे बोट दाखवायची, कधी 'रडकं'कडे. दुपारी आलं की जुनी पाटी काढायची, नवी लावायची, झालं काम.

त्यानं हे बायकोला समजावून सांगितलं होतं. बायको कंपनीचे कपडे सांभाळायची. ती म्हणाली, "म्हणजे स्वतः काही करायचं नाही, नुसतं दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. तुम्हाला बरं जमलं हो हे."

पहिल्यांदा जमलं नव्हतं. पाटीवर त्यानं आपलं लिहून टाकलं, 'शेजारचं रडकं'. शेजारचं म्हणजे आपण बसलोय त्याच्या शेजारचं, अशी त्याची समजूत. कॉम्प्युटर मात्र पाटी जिथं टांगलीय त्याच्या शेजारी बघतो, आणि तिथं होता मोकळा माळ. आवाज फुटला नाही, मेव्हण्यानं पत्रा बडवला आणि विंगेतच मुक्काम ठोकला. तेव्हापासून भोंगा पाटीवर मुळापासूनचा सगळा पत्ता लिहायचा.

आज तर पत्ताही बरोबर होता. मग ही शेळी कुठून आली?

त्यानं डोकं खाजवलं. दुपारी हुकूम सोडत होता, तेवढ्यात खालून बायको ओरडली होती, "अहो, इस्त्रीची वायर कुणी नेली?" वायर त्यानंच नेली होती. त्या घाईत जुनी पाटी काढायची राहिली, सरळ पाटी लावायचा हुकूम, एलएन, डॅश एस, सोडून नवीच ठोकली. कॉम्प्युटर गप्प बसला. गप्प बसला म्हणजे ऐकलं, असं भोंग्यानं धरलं. एवढी वर्षं संसार करून तरी त्यानं असं धरायला नको होतं.

त्यानं तोच हुकूम पुन्हा सोडला. कॉम्प्युटर म्हणाला, अशी पाटी आधीच आहे. यादी काढून बघितली तर 'आज'पुढचा बाण शेळीकडेच. आहे म्हणतो आणि दाखवतही नाही! भोंग्याचं टाळकं सटकलं. तो जिन्यावरून खाली आला तो थेट विंगेत.

"मेव्हणे, माझ्या खोलीत कोण गेलं होतं?"

"मी कशाला जाऊ दाजी? तिथं माझं पोट मावत नाही. आणि तुमच्या त्या पडद्यावर मला नुसता अंधार दिसतो."

"भांडा, भांडा," बायको विधवेचं पांढरं पातळ घडी घालत म्हणाली. "बाई तोवर चहा पितायत. कप खाली ठेवला की पुन्हा मरण आहे."

मेव्हण्यानं घसा खाकरला. "दाजी, राग मानू नका. उद्यापासून मला लागतीलच, तर ते शेळीचे आवाज टेपवर घेऊ का?"

मढं विंगेत बिडी ओढत होतं, तेही ठसकलं. भोंग्याच्या अंगाचा तिळपापड झाला, पण साक्षात बायकोचा भाऊ! "या," तो म्हणाला. "काय न्यायचं ते न्या."

मेव्हणा दारातच अडकला आणि टेप पुढं धरून उभा राहिला. भोंग्यानं शेळीचं फोल्डर उघडलं. भुकेली शेळी, रुसलेली शेळी, शेळी पळाली, शेळी सापडली. आणि खाली, सगळ्या शेळ्यांच्या मध्ये, 'रडकं'. पुढं बाण. पत्ता मुळापासून, अगदी बरोबर.

भोंगा बघतच राहिला. जुनी पाटी जागेवरच होती. तिनं बोट दाखवलं तसा कॉम्प्युटर मुकाट शेळीच्या गोठ्यात शिरला आणि नवी पाटी तिथं आत टांगून आला! दुसऱ्यांदा सांगितलं तर पुन्हा तिथंच गेला आणि म्हणाला, आहे की. त्याचं काय चुकलं?

"काय झालं दाजी?"

"काही नाही. शेळी बघतोय."

त्यानं गोठ्यातली पाटी उपटली. मग नवा हुकूम लिहिला, ह्या खेपेला एसला एफ आणि एन जोडून. म्हणजे आत शिरू नकोस बाबा, जुनी पाटीच काढ आणि तिच्या जागी नवी लाव. यादी काढली. 'आज', बाण, 'रडकं'. त्यानं तीन शेळ्या मेव्हण्याला प्रेमानं वाजवून दाखवल्या, टेपवर घेऊ दिल्या, वर "आणखी एक घ्या" असा आग्रहही केला. मेव्हणा चरकलाच आणि टेप घेऊन खाली विंगेत गेला.

खाली बाईंनी कप ठेवला. "मर रे."

मढं आडवं झालं. बाईंनी टाहो फोडला, छातीवर डोकं आपटलं. भोंग्यानं डोळे मिटले आणि कळ दाबली.

दूर कुठंतरी आगगाडीची शिट्टी झाली, लांब, बारीक होत गेली. रिकाम्या प्रेक्षागृहात झाडूवाली झाडू टेकून उभी राहिली.

"आत्ता कसं मेल्यासारखं वाटलं," मढं डोळे न उघडता म्हणालं.

बाईंनी डोळे पुसले; ते खरोखर ओले झाले होते. मग त्यांची नजर विंगेत गेली. "आणि तू रे? ती पेटी घेऊन अजून उभा? शिट्टी ऐकलीस ना? घरी ने ती."

"शेळ्या आहेत तीत, बाई."

"मग पाणी पाज त्यांना."

बायको वर आली आणि दाराला टेकली. "दादानं शेळ्या मागितल्या नसत्या तर बसला असतात बोंबलत. चहा तरी पाजा त्याला."

"पाजतो. कशाबद्दल, ते मात्र सांगू नकोस."

"आणि इस्त्रीची वायर?"

भोंग्यानं ती पंख्यामागून काढून दिली. मग माइकच्या वायरचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि संध्याकाळच्या प्रयोगासाठी ती बाईंच्या पायाखाली चिकटपट्टीनं बसवायला खाली उतरला.