आमच्या घरातला चोर

स्स्स्स्स्...

हा आवाज आला की आमचा सुदाम भरलेल्या डब्यावरून उठायचा.

त्याला जाऊन आज वर्ष झालं.

पिंपरीच्या कंपनीत तो मेंटेनन्सला, मी स्टोअरमध्ये. गुरुवारी सुट्टीला सगळी मशिनं गप्प असायची, तेव्हा हा एकटा कारखानाभर कान देऊन फिरायचा. हवेच्या पाइपातून कुठे हवा निसटतेय ते शोधायचा. साबणाचं पाणी लावायचा, बुडबुडा आला की खडूनं गोल करायचा आणि ओरडायचा, "घावला चोर!"

आमच्या कारखान्यात गळतीला 'चोर'च म्हणत. सगळ्यांना सवय झाली होती.

मला शाळेतल्या कविता म्हणायची खोड. अजूनही आहे. सिग्नलला सुदाम स्कूटर बंद करायचा आणि त्या शांततेत मी सुरू व्हायचो.

"कवीराज, पेट्रोल वाचवलं म्या, आन् हवा तुमी घालवताय व्हय!"

हल्ली जावयाची गाडी सिग्नलला आपली आपण बंद होते. मला दर वेळी वाटतं, सुदामच पुढे बसलाय.

जावयाचा विषय निघालाच आहे, तर तो दिवस सांगतो.

आमच्या मीनाला बघायला तळेगावहून मुलगा आणि त्याची आई आली होती. चार स्थळांना नाही म्हणालेली मीना सकाळीच आईच्या कानात म्हणाली होती, "फोटोवरून तरी हा बरा वाटतोय गं."

पाहुण्यांच्या हातात चहा, आणि सुदाम आला. बोलावलेलं नव्हतं, पण त्याला कधी बोलवावं लागलं नाही. पाणी घ्यायला थेट फ्रिजकडे गेला. दाराच्या कडेनं हात फिरवला. आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला,

"कवीराज, तुमच्या घरात चोर हाय."

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"कधीपासून?"

"दोन-तीन वर्सं तरी आसंल. रोज थोडं थोडं नेतो."

त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्हाला माहीत होतं?"

इथे मी माती खाल्ली. घाबरून म्हणालो, "होतं हो. पण आता सवय झालीये."

त्या उभ्याच राहिल्या. "चल रे."

स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांच्या बशा घेऊन मीना. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

"आवो ताई, बसा की! दावतो तुमास्नी," म्हणत सुदामनं टेबलावरचा कागद उचलला. तो नेमका मुलाचा बायोडाटा! तो फ्रिजच्या दारात घालून दार लावलं आणि ओढला. कागद अलगद बाहेर.

"बगा. कागद निसटतुय, म्हंजी गारवा बी निसटतुय. रबर गेलंय दाराचं. ह्यो चोर!"



मग मुलगा उठला, इस्त्रीच्या पँटीसकट फरशीवर बसला. "काका, खालच्या कोपऱ्यात जास्तच सैल आहे."

"आता कसं बोल्ला!"

मीना खुदकन हसली. मुलानं वर बघितलं. काम तिथेच झालं, राव.

आई बसल्या, पण जाईपर्यंत पर्स मांडीवरच होती. आठवड्यानं त्यांचा निरोप आला: "चोर पकडला असेल, तर पुढचं बोलू."

रबर सुदामनं स्वतः बसवलं. लग्नात त्याला मी मीनाच्या मामाच्या शेजारी उभा केला.

सुदाम, तू घरातली एकेक फट बुजवत गेलास. तुझी आठवण कुठूनच निसटत नाही, ती त्यामुळेच असेल. निवांत राहा, मित्रा. आता कान मिटून झोप.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली.

दारात विहीणबाई! चार दिवस आधी फोन केल्याशिवाय कधी न येणाऱ्या. भर उन्हात, तळेगावहून एकट्या. मी दार उघडं धरून बघतच राहिलो.

"सुदामभाऊंचं वर्ष ना आज? म्हटलं, जाऊन यावं. अहो, पण आधी दार लावा! आत एसी चालू आहे ना? चोर आहे तुमच्या घरात, चोर!"

आणि हातातली पर्स खुर्चीवर फेकून त्या सरळ फ्रिजकडे गेल्या.