कळलावीचं दुसरं शिंग

तोरणमाळची दिवलीबाई सुईण होती, आणि चिडकी एवढी की अडलेल्या बाईलाही सोडायची नाही. "कण्हतेस काय नुसती? जोर लाव!" असं खेकसायची आणि खेकसता खेकसताच तिच्या कपाळावरचा घाम आपल्या पदरानं पुसायची. आजूबाजूच्या पाड्यांवरची निम्मी पोरं पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातात. तिचा नवरा रेवजी म्हणायचा, "पोरं हिला घाबरूनच बाहेर येतात." तो असं लांब बसूनच म्हणायचा.

तिचा सगळा दवाखाना म्हणजे एक वेल. कळलावी. पावसाळ्यात सातपुड्याच्या उतारावर ती झुडपांना धरून वर चढते. पानाच्या टोकाला बारीक वेटोळं असतं, त्यानंच आधार पकडते. फुलाच्या पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि शेंड्याला लाल, नुकत्या पेटलेल्या चुलीसारख्या. हिवाळ्यात वेल वाळून जातो, उन्हाळ्यात तिथं काही होतं याचा पत्ताही लागत नाही, आणि पाऊस झाला की बाई त्याच जागी पुन्हा हजर! कारण तिचा जीव जमिनीखाली. कंद अगदी नांगरासारखा, दोन बाजूंना दोन शिंगं फुटलेला.

पानांचा रस पोरींच्या डोक्यातल्या उवांना, कंद उगाळून विंचू चावला तिथं, आणि कळा थांबल्या की तोच कंद उगाळून बाईच्या तळपायांना. मूल बाहेर आलं रे आलं की लेप धुऊन टाकायचा. राहिला तर आतडीही ओढून काढील, असं दिवलीची आई सांगायची. आणि पोटात कणभर जाऊ द्यायचा नाही. हे मात्र दिवलीला कुणी सांगावं लागलं नव्हतं. ती लहान असताना एका आषाढात घरात दाणा नव्हता. सगळे रानातले कंद उकरून उकडून खात होते. धाकट्या भावाला, गोवालला, कळलावीचा कंद सापडला. त्यानं तो भाजून खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी गेला.

आईचा आणखी एक नियम होता. कंदाचं एकच शिंग मोडून घ्यायचं, दुसरं मातीत ठेवून वर माती लोटायची आणि म्हणायचं, "अर्धं माझं, अर्धं तुझं." दोन्ही घेतली तर वेल गेला. मग पुढच्या अडलेल्या बाईला काय देणार, कपाळ?

ही गोष्ट घडली ती एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमारास, भादव्यात. शहाद्याचे व्यापारी केवलचंद यांचा गडी दगा धापा टाकत घाट चढून वर आला. ओसरीला टेकायच्या आधीच म्हणाला, "मावशी, चाल वं लवकर! शेठनी वहू दोन दिवसपाईन अडेल शे. खाले गाडी उभी शे." केवलचंदांची सून सोहनबाई, पहिलटकरीण. गावच्या सुईणीनं हात टेकले होते. आदल्या वर्षी शहाद्याच्या वाटेवरच्या कळसाडी गावात दिवलीबाईनं अशाच दोन बायका सोडवल्या होत्या, तिचं नाव तिथून शेठाच्या घरी पोचलेलं.

दिवलीबाई तशीच उठली. घाटाच्या वळणावर तिचा नेहमीचा वेल होता. दगा मागून "चाल, चाल" करत होता, माती ओली होती, तिनं हिसका मारला आणि अख्खा नांगर हातात आला. दोन्ही शिंगं! क्षणभर ती थबकली. पण परत पुरायला वेळ कुणाला होता? पदरात बांधला आणि निघाली. वाटभर गाडीत ती बैलांवरच करवादत राहिली.

पुढचं सोपं झालं. वाड्याच्या मागच्या अंगाला बाळंतिणीची खोली होती. दिवलीबाईनं एक शिंग मोडून दगडावर उगाळलं, सोहनबाईच्या तळपायांना लावलं, भरपूर शिव्या घातल्या आणि दुपारपर्यंत मुलगी झाली. लेप लागलीच धुतला. सोहनबाईची सासू बदामबाई दारात हात जोडून उभी होती. तिनं दिवलीबाईला नवं लुगडं दिलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून दिलं.

पायथ्याशी उतरल्यावर दिवलीबाईनं तंबाखूसाठी पदराची गाठ सोडली. तंबाखू होती. दुसरं शिंग नव्हतं.

तिनं गाठ पुन्हा झटकून पाहिली. आठवलं! उगाळायचा दगड धुतला आणि शिंग कोनाड्यात ठेवलं, रांधणीच्या दाराला लागून. तसंच राहिलं. आता बघा, दिवलीबाईच्या डोंगरात चुलीशेजारी पडलेला कंद हा खाण्याचाच असतो. कुणी विचारतसुद्धा नाही, सोलायचा आणि हंडीत टाकायचा. शहाद्यातले लोक वेगळं काही करत असतील हे तिच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. शिजवलेल्या कंदाचा पहिला वाटा कुणाला? बाळंतिणीला!

"अरे देवा, मारली गं मी पोरीला!" ती रस्त्यातच ओरडली. बाळंतीण सोडवली या हातांनी, आणि वीख ठेवून आले तेही याच हातांनी. तिला गोवालचे पांढरे पडलेले ओठ दिसायला लागले. आणि दोन्ही शिंगं उपटली म्हणूनच हे झालं, वेलानं सूड घेतला, याबद्दलही तिला शंका उरली नाही.

गाडी परत गेलेली. ती पायी निघाली. कुठल्याशा पाड्यावर अंग टेकलं, पण डोळा लागला नाही. सकाळी कळसाडीच्या कापसातून जाताना ओळखीच्या बायकांनी हाका मारल्या, तिनं मान वर केली नाही. लेप पायाला लावला तर मूल ओढून काढतो, पोटात गेला तर काय करील? चालता चालता ती रडत होती आणि रडते म्हणून स्वतःवरच चिडत होती.

दुपारी ती वाड्याच्या मागच्या दारातून आत घुसली. सोहनबाई खाटेवर बसून जेवत होती. ताटात भाकरी, आणि वाटीत पांढऱ्या फोडींची भाजी.

दिवलीबाईनं ताटच उडवलं! वाटी गडगडत उंबऱ्यापर्यंत गेली. पोर किंचाळून रडायला लागली. सोहनबाई भिंतीला चिकटली, आणि बदामबाई आतून धावत आली.

"काय वं बाई, याड लागनं का तुले? दुधीनी भाजी व्हती ती!"

"दुधी?" दिवलीबाई खाली वाकली, एक फोड उचलून चुरगाळली, हुंगली. दुधीच. "मग कंद? कोनाड्यातला कंद कोणी खाल्ला?"

बदामबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं कोंबडीचं विचारलं. "कंद? आम्हना घरमा? अवो, जमीनखालचं काहीच शिजत नही आम्हना चूलवर. बटाटा नही, कांदा नही, रताळं नही. तेमा चातुर्मास शे! चूल बाटी जाई मन्ही."

दिवलीबाईला आधी कळेचना. कंद न खाणारी माणसं? आषाढात काय खातात मग? पण सोहनबाईचे ओठ लालगुलाबी होते आणि ती घाबरून का होईना, धडधाकट होती. दिवलीबाईचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथं टिकतो कुठला! "मग गेला कुठं तो?"

"दगाले दिधा."

दगा! दगा काही चातुर्मास पाळणारा नव्हता. दिवलीबाई वाऱ्यासारखी गोठ्याकडे धावली. दगा गाईपुढं वैरण टाकत होता. तिनं त्याचा दंडच धरला. "खाल्लास का रे? खरं सांग मुडद्या, खाल्लास?"

दगा गांगरला. "भाजाना इचार व्हता, मावशी. खोटं कसाले बोलू? पन बदामबाई समोर उभी ऱ्हायनी आनि गाडाले लायं. तथं, कुंपनपाशे."

मागून बदामबाई आली. आता तिचा राग उतरला होता. समजावल्यासारखी म्हणाली, "कंदमा लई जीव ऱ्हातस, बाई. फेका तर सुकी जातीन, चुलमा टाका तर जळतीन. म्हनीसन सांगं, जठला शे तठेच जाऊ दे. मातीमा."

कुंपणापाशी ओल्या मातीचा बारका ढीग होता. दिवलीबाई त्याच्यापुढं मटकन बसली आणि मोठ्यानं रडली, शहाद्याचे शेजारी गच्चीवर येतील इतक्या मोठ्यानं. मग तिनं सगळं सांगितलं. गोवालचं, पदराच्या गाठीचं, वळणावर मारलेल्या हिसक्याचं. ऐकता ऐकता बदामबाईचा हात तोंडावर गेला. तिनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि दुसरं ताट वाढलं. दुधीचंच. दिवलीबाईनं चार भाकऱ्या खाल्ल्या आणि भाजीत मीठ कमी आहे हेही सांगून टाकलं.

पुढच्या श्रावणात दगाच्या बायकोचे दिवस भरत आले तेव्हा तो परत घाट चढला. उतरताना दिवलीबाईनं वळणावर पाहिलं. झुडूप होतं, वेल नव्हता. गाडीत ती बैलांवरही करवादली नाही.

वाड्याच्या मागच्या दाराशी गाडी थांबली आणि तिच्या तोंडून "गं बाई!" निघालं. कुंपणभर कळलावी चढली होती. दहा-बारा फुलं एकदम पेटलेली. खाली बदामबाई तांब्या घेऊन उभी, आणि तिच्या कडेवर वर्षाची नात फुलाकडे हात लांब करत होती.

"हात लावू देत नही मी तिले," बदामबाई म्हणाली. "कोन्लेच देत नही. तू म्हनेल व्हतं ना, वीख शे."

दिवलीबाईनं खुरपं मागितलं तेव्हा मात्र बदामबाईचा चेहरा उतरला. दगाच्या बायकोच्या कळा पहाटेपासून चालू होऊन थांबल्या होत्या, हे तिलाही ठाऊक होतं. ती नाही म्हणाली नाही. तिनं तोंड फिरवलं आणि विचारलं, "सगळा काढशी का?"

"नाही," दिवलीबाई म्हणाली. तिनं खुरप्यानं वरवर उकरून मग बोटांनी हळूहळू माती बाजूला केली, घाई केली नाही. खाली पुन्हा अख्खा नांगर झाला होता, दोन्ही शिंगांचा. एक मोडून तिनं पदरात घट्ट बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि दुसऱ्यावर माती लोटत म्हणाली, "अर्धं माझं, अर्धं तुझं."

बदामबाईनं वळून पाहिलं आणि तांब्यातलं उरलेलं पाणी त्या मातीवर ओतलं.