हवा ऐकणारे चाचा

हवेतून काय जात-येत आहे हे कानाने ओळखणारा मनुष्य या पृथ्वीतलावर एकच झाला, आणि तो मुरुडला माझ्या कुंपणापलीकडे राहत होता. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. उभी हयात त्यांनी मालवाहू जहाजांवर बिनतारी संदेश घेण्यात घालवली; निवृत्तीनंतर जहाज सुटले, सवय सुटली नाही. बोलता बोलता ते डोळे मिटून बोट वर करीत आणि झावळ्यांकडे मान कलती करून पुटपुटत, "थांबा, काहीतरी येतंय." काय येते, हे त्यांनी कधीच सांगितले नाही. माझ्या पत्नीने मिक्सर लावला की "वादळ आलं" म्हणून पायरीवर जाऊन बसत. घरांची पारखही ते अशीच करीत. समुद्राकाठच्या एका नव्या, काचेच्या बंगल्याला त्यांनी मालकादेखत "बहिरं घर" म्हटले होते.

स्वतः चाचांकडे इंटरनेट नव्हते. शुक्रवारी नमाज आटोपला की ते आमच्या ओटीवर येत आणि माझ्या जोडणीवरून आखातातल्या लेकीशी बोलत. पत्नीच्या पश्चात त्यांना ती एकच. मग लेकीला मुलगी झाली आणि त्या नातीचा चेहरा पडद्यावर चौकोन चौकोन होऊन गोठू लागला. चाचा चष्मा पुसून म्हणत, "डोळे आजीचे आहेत. एकच दिसला, पण आजीचाच."

मी मात्र पेटलो. आयुष्यभर न्यायालयात शिरस्तेदारी केलेला मनुष्य करारभंग सहन करीत नाही. इंटरनेट कंपनीला पत्रे गेली, स्मरणपत्रे गेली, अखेरीस ग्राहक तक्रारीचा मसुदाही सिद्ध झाला. पुराव्यादाखल रीतसर पंचनामा करावा म्हणून चाचांना प्रथमच ओटी ओलांडून आत बोलावले.

हातात फोन, डोळे मिटलेले, असे ते स्वप्नात चालल्यासारखे खोल्या हिंडले आणि अगदी आतल्या खोलीत माझ्या लोखंडी कपाटाला कान लावून उभे राहिले.

"वकीलसाहेब, ह्यात कोण आहे?"

"मी वकील नाही. आणि आत राउटर आहे. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून कुलपात ठेवला आहे."

"लोखंडात? आणि पुढं जांभ्याची हातभर भिंत?" चाचांनी कपाळावर हात मारला. "अहो, कंपनीनं माल दारात आणून उतरवलाय. तुम्ही त्याला जन्मठेप दिलीत!"

मी हरकत घेतली. चाचांनी कंपनीची तार सरळ माझ्या लॅपटॉपला जोडली. करारात लिहिलेला वेग तिथे आकडा न आकडा हजर होता. मी माझ्याच घरात प्रतिवादी झालो होतो. मग चाचांनी राउटर माजघराच्या दाराजवळच्या उंच फळीवर, लोखंडापासून दूर ठेवला आणि त्याच्या दोन्ही दांड्या डोलकाठीसारख्या उभ्या केल्या. "गंजला तर गंजू दे. बोलेल तरी."

पुढल्या शुक्रवारी नातीने जांभई दिली. ती सबंध जांभई, आरंभापासून अखेरपर्यंत, ओटीवर पोहोचली. मी त्याच संध्याकाळी कंपनीला सगळी तक्रार मागे घेतल्याचे पत्र लिहिले. कारणाच्या रकान्यात 'तक्रारदाराचे कपाट' असे प्रांजळपणे नमूद केले.

आता चाचा लेकीकडेच राहतात. शुक्रवारी फोन येतो, चेहरा लख्ख दिसतो आणि थोड्या वेळाने ते हळूच म्हणतात, "साहेब, जरा समुद्र दाखवा की." मी फोन उंच धरून अंगणातून चालू लागतो. फळीवरच्या राउटरचा जोर बरोबर त्यांच्या कुंपणापर्यंत पुरतो. समुद्र त्यांच्या वाडीच्या पलीकडे. कुंपणाशी चित्र थांबते. चाचा मान कलती करून, डोळे मिटून, बोट वर केलेले तसेच गोठतात.

मी बराच वेळ तिथे उभा असतो. याबद्दल मी अद्याप कोणालाही पत्र लिहिलेले नाही.