भरलेली बॅटरी

अपडेट झाल्यापासून फोनची बॅटरी दुपारच्या आतच लाल व्हायला लागली. मी ब्राइटनेस कमी केला, लोकेशन बंद केलं, नको ती अ‍ॅप्स काढून टाकली; तरी तेच. शेवटी आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “अगं, अपडेटला कशाला नावं ठेवतेस? मुलाचा फोन आला का, म्हणून तूच सारखी उघडून बघतेस.”

वाट बघणं वरून दिसत नाही. ते आतल्या आत चालू असतं आणि त्यातच माणूस संपत जातं.

मग मी फोन कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला आणि फोन बाहेर काढला. बॅटरी जवळजवळ सकाळइतकीच भरलेली होती. फोन अगदी ठणठणीत होता. मिस्ड कॉल एकही नव्हता.