बेअरिंग बोलतंय

"निजलेलं कुत्रं, रुसलेला जावई अन् बंद पंप, या तिघांवर इस्वास ठेवायचा न्हाई," असं आमचे वस्ताद म्हणत. चाकणच्या आमच्या कारखान्यात ते पंपघर सांभाळत, मी त्यांच्या हाताखाली. तालमीत घोटलेलं आडवं शरीर, वर वळवलेल्या मिशा. पंपाशी बोलताना मात्र आवाज लेकीशी बोलावं तसा मऊ.

पंप त्यांनी कधी एका झटक्यात बंद केला नाही. आधी पुढचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळायचा, मग मोटर थांबवायची. मी घाई केली की म्हणत, "पळत्या पाण्याला एकदम अडवलं, तर ते पाइपला धडका देतं. त्याला आधी सांगावं, बाबा, दम खा."

मग मेन स्विच पाडायचा आणि त्याला स्वतःचं पितळी कुलूप घालायचं. चावी करगोट्याला. उत्पादनवाले पाण्यासाठी ओरडू लागले, की वस्ताद पोट पुढं काढून उभे राहत. "ज्याला पंप पायजे, त्यानं घालावा हात!" कुणाची छाती झाली नाही.

एकदा मी मोटर अन् पंप जोडणाऱ्या कपलिंगमध्ये हात घालून बसलो होतो. नव्या शिफ्टचा सुरेश मशीनला पाणी नाही म्हणून तणतणत आला. पंपाआड मी त्याला दिसलोच नाही. त्यानं सरळ बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तो खटका मला ऐकू आला. हात उपसून मी किंचाळलो, तसा सुरेश मटकन खाली बसला. स्विचला कुलूप होतं, म्हणून पंप हलला नव्हता.

वस्ताद रागावले नाहीत. दोघांना धरून कँटीनमध्ये नेलं, सुरेशपुढं ताट ठेवलं आणि मला म्हणाले, "त्याच हातानं भरव त्याला." सगळं कँटीन खिदळत होतं. सुरेश घास चावता चावता रडत होता, आणि वस्ताद ओरडत होते, "लाजता काय राव? लगीन न्हाई लावत तुमचं!" तेव्हापासून स्विच बघितल्याशिवाय सुरेश बटणाला बोट लावत नाही.

निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ झाले. गेटकडं निघालेली गाडी वस्तादांनी पंपघराशी थांबवली. आम्हाला वाटलं, आता रडणार. त्यांनी चालू पंपाला कान लावला, कपाळाला आठ्या घातल्या.

"बेअरिंग बोलतंय. सोमवारी उघडा."

सोमवारी उघडलं, तर बेअरिंग ठणठणीत! मी वैतागून फोन केला.

"मला ठावं हाय," वस्ताद हसले. "बंद कसा केला, ते सांग."

मी सांगू लागलो. व्हॉल्व्ह हळू आवळला, मोटर थांबवली, मेन स्विच पाडून कुलूप घातलं. सुरेशनं बटण दाबून खात्री केली. मागचा व्हॉल्व्ह आवळला, आतलं पाणी सोडून दाब उतरवला, आणि मगच पाना लावला.

प्रत्येक पायरीला वस्ताद पलीकडून 'हं' म्हणत होते.

"झालो बाबा मी रिटायर," वस्ताद म्हणाले.