भंडारदऱ्याच्या गाडीतली चोविसावी जागा

१२ सप्टेंबर १९७१, रविवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम बारा रुपये: दहाची एक नोट, एकेकाच्या दोन. हजर मी, माझी बायको आणि शाळेतल्या बाई. ठिकाण देवळाली प्रवऱ्यातल्या आमच्या घराचा ओटा. भंडारदऱ्याच्या सहलीची वर्गणी सगळ्यात आधी बाईंनी भरली, म्हणून वहीत मथळ्याखाली पहिलं नाव त्यांचं पडलं.

मी तेव्हा खताच्या दुकानात हिशेब लिहायचो. गल्लीत कसलीही वर्गणी निघाली की वही माझ्याकडं यायची, कारण माझ्या वहीत कधी पैशाची चूक निघाली नव्हती. हे मी त्या काळी ज्याला त्याला सांगायचो.

बाई प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवायच्या. मूळच्या जामखेडकडच्या. वय पस्तिशीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, वळणाच्या पलीकडं त्यांची भाड्याची खोली होती. बाई ख्रिस्ती. त्यांच्या आजोबांनी धर्म बदलला, त्याआधी ते गावाच्या कोणत्या बाजूला राहत होते हे गल्लीत कुणी बोलत नव्हतं, आणि कुणी विसरतही नव्हतं.

"नऊ वर्षं झाली, भाऊ," पैसे देताना त्या म्हणाल्या, "दर साली फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढते. वरच्या कोपऱ्यात भंडारदरा. तिथून निळ्या खडूची रेघ खाली आणते आणि पोरांना सांगते, आपल्या पाटाला पाणी येतं ते इथून. मागल्या साली एका पोरीनं विचारलं, बाई, तुम्ही पाहिलंय का? खोटं कशाला बोलू? नाही म्हणाले."

"मग आता बघालच की," माझी बायको म्हणाली.

"बघायचंच आहे. आमच्या गावाला एका घागरीसाठी मैलभर चालावं लागायचं. एवढं पाणी एका जागी कसं दिसतं, ते एकदा डोळ्यांनी पाहायचंय. रविवारची प्रार्थना बुडेल. पाद्रीसाहेबांना विचारून ठेवलंय."

सहलीची कल्पनाही त्यांचीच. खरं तर आमच्या गल्लीतल्या बायकांच्या बऱ्याच आवडीनिवडी मुळात बाईंच्या होत्या. त्यांच्याआधी आमच्याकडं स्नो म्हणजे लग्नाच्या दिवशी तोंडाला फासायची वस्तू होती. बायका बोटभर घ्यायच्या आणि चेहरा पांढरा करून बसायच्या. बाईंनी सांगितलं, ज्वारीच्या दाण्याएवढा घ्या, ओल्या तळव्यावर चोळा, मग लावा. पावडर गळ्याला लावा आणि फडक्यानं पुसून घ्या, दिसायला नको, वास राहिला की पुरे. टाचांच्या भेगांना ग्लिसरीन आणि लिंबू. शिकेकाई विकतची नको, घरी कुटा, मूठभर मेथ्या घाला. माझी बायको आजही हेच करते.

बाई महिन्यातून एकदा एस.टी.नं नगरला जायच्या. कापड बाजारातल्या एका दुकानदाराशी त्यांनी ठरवलं होतं. स्नोची एक बाटली सव्वादोन रुपयांना, डझनभर घेतल्या तर एक रुपया नव्वद पैशांना. बायका मिळून डझन घ्यायच्या. त्या साली पोळ्याच्या आधी त्यांनी नायलॉनच्या आठ साड्या एकदम आणल्या. सुटी साडी एकतीस रुपयांची, आठ घेतल्यावर सव्वासत्तावीस. गल्लीचे तीस रुपये वाचले. बारीक फुलांची छपाई त्यांनीच निवडली, कारण तिच्यावर मळ दिसत नाही, आणि धुऊन दोरीवर टाकली की तासाभरात वाळते, इस्त्री लागत नाही. प्रत्येकीला साडी हातात देताना त्या बजावायच्या, "चुलीपाशी नेसायची नाही हं. ठिणगी पडली तर पदर आक्रसून अंगाला चिकटतो." या सगळ्याबद्दल त्यांनी कुणाकडून एस.टी.चं भाडंसुद्धा घेतलं नाही. मी ते देऊ करायला हवं होतं. नाही केलं.

गाडी ठरली दोनशे अठ्ठ्याऐंशी रुपयांत, चोवीस जागांची. माणशी बारा रुपये. १० ऑक्टोबरला पहाटे पाच वाजता निघायचं. आदल्या रविवारी मी वही मिटली तेव्हा नावं पंचवीस झाली होती. पंचविसावं नाव गिरणीवाल्या वहिनींच्या सासूबाईंचं. वहिनींच्या घरची पिठाची गिरणी होती आणि गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी ते नाव त्याच दिवशी घातलं, पैसेही रोख दिले. जागा चोवीस, नावं पंचवीस. एकाला गाळणं भाग होतं. कुणाला गाळायचं हे वहीच सांगत होती: शेवटी आलेल्याला.

संध्याकाळी गिरणीवाल्या वहिनी ओट्यावर येऊन बसल्या. कोणत्या घरानं काय रांधून आणायचं, याची यादी चालली होती. सगळ्यांनी सगळ्यांसाठी आणायचं आणि एकत्र बसून खायचं.

"बाई शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या भाकरी आणणार आहेत," बायको म्हणाली.

"समद्यांसाठी?"

"सगळ्यांसाठीच की."

"आवं, आमच्या सासूबाई हायेत गाडीत. त्या खातील व्हय बाईंच्या हातचं?"

"बाईंनी आणलेला स्नो चालतो," बायको म्हणाली.

"स्नो तोंडाला लावायचा असतो. तोंडात घालायचा नसतो."

दोघी-तिघी हसल्या. मीही हसलो. हे लिहिणं मला जड जातंय, पण हसलो.

बायको हसली नाही. "मग तसं बाईंना तोंडावर सांगा, वहिनी."

"मी कशाला वाईट होऊ? वही ज्याची त्यानं सांगावं. काय भावजी?"

"मी बघतो," मी म्हणालो.

मला कुणाशी वाकडं घ्यायचं नव्हतं. वहिनींशी नाही आणि, हेही खरं, बाईंशीही नाही. कुणाचंही मन न दुखवता आकड्यांनीच प्रश्न सुटावा असं मला वाटत होतं. रात्री जेवण झाल्यावर मी वही उघडली. मथळा होता "भंडारदरा सहल, वर्गणी". त्याखाली पहिलं नाव. दोघांच्या मध्ये अर्ध्या बोटाची जागा होती. तिथं बारीक अक्षरात मी लिहिलं: "सहल फक्त गल्लीतील घरांसाठी." बाईंची खोली वळणाच्या पलीकडं होती. नियमानं त्या बाहेर गेल्या, नावं चोवीस राहिली, जागा चोवीस. हिशेब जुळला.

"काय लिहिलंत?" बायकोनं विचारलं.

मी वही तिच्यापुढं धरली. तिनं वाचलं आणि ती भांडी घासायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बाईंच्या दारात गेलो. खिशात बारा रुपये, हातात वही. नियम दाखवला की मला बोलावं लागणार नाही, असा माझा हिशेब. बाईंनी वही घेतली आणि मुलांच्या वह्या तपासतात तशी अक्षरांवरून बोट फिरवत वाचली.

"ही ओळ दाटून बसवलीय, भाऊ."

"नियम आधीच ठरला होता," मी म्हणालो. "लिहायचा राहून गेला होता."

माझ्या वहीतलं ते पहिलं खोटं. मी ते तोंडानं बोललो, पण वहीतच होतं ते.

बाईंनी पंचवीसच्या पंचवीस नावं खालपर्यंत वाचली. स्वतःच्या नावावर मारलेली रेघ पाहिली. शेवटचं नाव कुणाचं, तेही त्यांनी पाहिलं असणार. मी पैसे पुढं केले.

"आता नकोत," त्या म्हणाल्या. "राहू द्या तुमच्यापाशी. सहलीला आयत्या वेळी कुणीतरी गळतंच. पोराला ताप येतो, पाहुणे येतात. जागा झाली तर मला घ्या. मी पाचला तयार राहीन. गाडी इथूनच जाणार ना?"

"इथूनच," मी म्हणालो. दुसरा रस्ता नव्हता.

ते बारा रुपये मी वेगळ्या पाकिटात घालून ठेवले.

रविवारी पहाटे पावणेपाचला गाडी गल्लीत आली. बायकांनी सगळ्यांनी त्या नायलॉनच्या साड्या नेसल्या होत्या, आणि गाडीभर एकाच पावडरीचा वास होता. फक्त माझी बायको जुन्या सुती साडीत होती. मी यादी घेऊन एकेक नाव वाचायला लागलो. शेवटच्या नावाला गिरणीवाल्या वहिनी म्हणाल्या, "सासूबाई न्हाई येत. गुडघा धरलाय."

म्हणजे तेवीस माणसं, चोवीस जागा. जिच्या जेवणाचं निमित्त होतं ती म्हातारीही गाडीत नव्हती. बारा रुपये माझ्या खिशात होते. गाडीत मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो होतो आणि मागल्या बाकावरची चोविसावी जागा डब्यांनी भरत चालली होती.

गाडी वळली. बाई दारात उभ्या होत्या. अंगावर तीच बारीक फुलांची साडी, हातात फडक्यात बांधलेला डबा. दिव्यांचा उजेड अंगावर पडला तशा त्या एक पायरी खाली उतरल्या.

ड्रायव्हरनं गाडी हळू केली. "ह्यांना घ्यायचं का?"

मागं कुणी हो म्हणेना, कुणी नको म्हणेना. वहिनीसुद्धा काही बोलल्या नाहीत. मी "थांबा" म्हणालो असतो तर कुणी अडवलं नसतं, याची मला आज खात्री आहे आणि तेव्हाही होती. पण गाडी थांबवली म्हणजे नियम खोटा होता हे तेवीस जणांसमोर मीच कबूल करणार होतो. माझ्या वहीत चूक आहे, असं लोकांनी पहिल्यांदाच म्हटलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "चला पुढं."

मागून बायकोचा आवाज आला, "अहो!" एवढाच. गाडीनं वेग घेतला होता.

संगमनेरला चहा झाला. अकोले मागं पडलं आणि डोंगर सुरू झाले. राजूरच्या पुढं उतारांवर पिवळी फुलं होती. धरण काठोकाठ भरलेलं होतं. बायका हरखून गेल्या. त्यांचे पदर उडत होते, त्या हसत होत्या, पोरांना कठड्यापासून ओढत होत्या. पाणी किती होतं ते मला सांगता येणार नाही. मी त्याच्याकडं नीट पाहिलंच नाही. ड्रायव्हरनं सांगितलं की आमच्या पाटाचं पाणी इथूनच सुटतं. मी म्हणालो, ठाऊक आहे.

जेवायला गोल करून बसलो. पुऱ्या लवकर संपल्या.

"भाकरी पाहिजे हुती राव," गिरणीवाल्या वहिनी बोटं चाटत म्हणाल्या. "बाईंनी दिल्या असत्या की बांधून नुसत्या."

वहिनी वाईट नव्हत्या, त्या सहज बोलल्या. माझी बायको उठून पाण्याच्या बाजूला गेली. मी मागून गेलो आणि म्हणालो, "जरा जेवून घे."

"हिशेब जुळला ना तुमचा?" ती म्हणाली. "मग तुम्ही जेवा."

परत आल्यावर मी ड्रायव्हरला दोनशे अठ्ठ्याऐंशी रुपये दिले. जमा तीनशे झाले होते. शिल्लक बारा, बाईंचे. सोमवारी संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. त्या वह्या तपासत होत्या. "या, भाऊ," म्हणाल्या, मला बसायला खुर्चीही दिली. मी पाकीट टेबलावर ठेवलं.

"गाडीत जागा होती ना?" त्यांनी विचारलं.

"होती."

"किती?"

"एक."

"कुणी गळलं?"

मी सांगितलं.

बाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "मग सरळ आहे. माझं नाव पहिलं होतं, पैसे पहिले होते. जी जागा रिकामी गेली ती माझी. जागेचे पैसे मी दिले, गाडीवाल्याला ते पोचले. मी बसले नाही, तो वेगळा प्रश्न. हे बारा रुपये ज्यांच्यासाठी जागाच नव्हती त्यांचे आहेत. सासूबाईंना नेऊन द्या."

मी म्हणालो, "बाई, माझं चुकलं."

"आता वहीत तसं लिहा," त्या म्हणाल्या, आणि वरची वही पुढं ओढली.

त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा बिनचूक होता. मी पाकीट उचलून बाहेर आलो.

त्यानंतर बाई आम्हाला दिसल्या की बोलायच्या, बायकोची चौकशी करायच्या. नगरहून स्नो मात्र त्यांनी पुन्हा आणला नाही. कुणी म्हटलं तर सांगायच्या, "दुकान आता ठाऊक झालंय तुम्हाला." दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. भंडारदरा त्यांनी पुढं पाहिला की नाही, मला माहीत नाही. विचारायचा मला अधिकार नव्हता आणि माझ्या बायकोचा धीर झाला नाही.

त्या सोमवारी मी तसाच गिरणीत गेलो. वहिनी पीठ मोजून देत होत्या. म्हातारी मागल्या पडवीत सुपात गहू पाखडत बसली होती. मी पाकीट तिच्या हातात दिलं आणि कशाचे पैसे ते सांगितलं.

"माज्या नावाचे?" ती म्हणाली. "मला गाडी लागती, बाबा. मी कुठं येनार हुते? मला कुनी इचारलंबी न्हाई."

मलाही तिला विचारायचं सुचलं नव्हतं. तिनं नोटा दोनदा मोजल्या आणि कनवटीला लावल्या. घरी येऊन मी वही उघडली. बाईंच्या नावावरची रेघ खोडता येत नव्हती, म्हणून त्यापुढं लिहिलं, "वर्गणी घेतली, जागा होती, नेलं नाही. चूक माझी." आणि सगळ्यात खाली: ११ ऑक्टोबर, बारा रुपये रोख, गिरणीवाल्या वहिनींच्या सासूबाईंना.